बिहाफबाई

बिहाफबाईंनी एका शहराचं भवितव्य बदललं, हे मी पूर्ण विचारांती लिहितो आहे. शहर तेव्हा नवं होतं, त्यामुळे त्याचं भवितव्य बदलणं फारसं अवघड नसे. एखादा इंजिनियर नकाशावर वाकून शिंकला तरी पेन्सिलीची रेघ अर्धा इंच सरके, आणि त्या अर्ध्या इंचाखाली कुणाचं तरी भाताचं खाचर जाई. बिहाफबाईंनी बदललेलं भवितव्य मोजून अडीच गुंठ्यांचं होतं. त्यावर जवळा वाळत असे.

ज्या कचेरीने हे शहर वसवलं तिथे मी आवक-जावक कारकून होतो. कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण पेन्शन तिथूनच येते. येईल त्या कागदावर शिक्का मारायचा, शिक्क्यात नंबर घालायचा, तो नंबर रजिस्टरात लिहायचा आणि कागद आत पाठवायचा, एवढंच माझं काम. शहराचा मोठा आराखडा भिंतीवर रंगीत होता आणि त्यात उद्यानं, तळी, क्रीडासंकुलं असं सगळं होतं. माझ्या टेबलावर मात्र शहर अर्जांच्या रूपाने यायचं: विहीर बुजवली, बांध फोडला, नळ आला नाही, घराचं जोतं नकाशात नाही. यातले निम्मे अर्ज इंग्रजीत, स्वच्छ टाइप केलेले आणि एकाच धाटणीचे असत. 'ऑन बिहाफ ऑफ अमुक अमुक' अशी सुरुवात, आणि तळाशी अंगठा. अंगठ्याशेजारी हाताने, बारीक अक्षरात, दर वेळी मराठीत एक ओळ: 'वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. दोनदा.'

त्या टाइप करणाऱ्या बाईंशी माझी ओळख झाली ती माझ्याच इंग्रजीमुळे. एका जोत्याच्या अर्जाला आम्ही आठ महिन्यांनी उत्तर दिलं होतं आणि मी त्यात एक भारदस्त वाक्य घातलं होतं: 'द डिले ऑन बिहाफ ऑफ धिस ऑफिस इज रिग्रेटेड.' वाक्य मला फार आवडलं होतं. चार दिवसांनी पत्र परत आलं. 'ऑन बिहाफ ऑफ'च्या खाली लाल पेन्सिलीची रेघ, आणि समासात मराठीत मजकूर: 'उशीर आपण स्वतः केलात, की दुसऱ्या कोणी तो त्यांच्या वतीने आपल्याला करायला सांगितला होता? सांगितला असल्यास त्यांचं नाव कळवावं. नसल्यास "ऑन द पार्ट ऑफ" लिहावं.'

मी चिडलो. शनिवारी अर्धा दिवस कचेरी सुटली की सायकल काढली आणि तुर्भ्याकडून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो. पंक्चरवाला आणि रेशनचं दुकान यांच्यामध्ये पत्र्याचं छप्पर असलेला एक गाळा होता. आत तीन टाइपरायटर, दोन मुली 'एएसडीएफ' बडवत बसलेल्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी एक किडकिडीत बाई. साधारण पन्नाशीच्या. सुती पातळ, हातात पुरुषी घड्याळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"बसा. अर्ज कुणाचा?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"माझाच. मी तो उशीरवाला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अच्छा! आवक-जावक का तुम्ही!" त्या दिवसापासून त्यांच्यासाठी माझं नाव तेच राहिलं. पुढे माझ्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हाही त्यांनी पाकिटावर 'श्री. व सौ. आवक-जावक' असं लिहून आहेर पाठवला.

भांडायला गेलेल्या मला त्यांनी चहा पाजला आणि धडा दिला. "हे बघा, 'ऑन बिहाफ ऑफ'ला दोन माणसं लागतात. एक सांगणारा, एक त्याच्यासाठी लिहिणारा. पहिला नसेल तर दुसऱ्याने हाताची घडी घालून बसावं. तुमच्या पत्रात माणूस एकच आहे, आणि तोही आठ महिने उशिरा आलेला." शेजारच्या दोन्ही मुली टाइप करायच्या थांबून हसल्या. मी पत्र दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. जावक नंबर नवा पडला.

खाडीकाठच्या जुन्या कोळीगावातल्या लोकांना त्यांचं खरं नाव माहीत असावं, पण ते कुणी वापरत नसे. अर्ज टाइप करताना त्या प्रत्येक शब्द पुटपुटत. बाकीचं इंग्रजी कानावरून गेलं तरी दर अर्जात दोन-तीनदा येणारं 'बिहाफ' लोकांच्या लक्षात राहिलं. "बिहाफबायकं जाऊन ये," असं घराघरांत म्हणत. आम्ही बिल्डिंगवाल्यांनी त्याचं बिहाफबाई केलं. बाईंना ते आवडत असावं. निदान त्यांनी त्याखाली लाल रेघ मारली नाही.

त्यांची काम करायची रीत सगळ्या अर्जनवीसांपेक्षा उलटी होती. अर्जनवीस माणसाला विषय विचारतो आणि पुढचं स्वतः लिहितो. बाई माणसाला स्टुलावर बसवून "हं, सांगा" म्हणत आणि सगळं, अगदी शिव्यांसकट, शॉर्टहँडमध्ये उतरवून घेत. मग त्याच बोलीत, त्याच चढउतारात ते परत वाचून दाखवत. स्वतःच्या शिव्या बाईंच्या दादरच्या पांढरपेशा तोंडून ऐकल्यावर बहुतेक लोक स्वतःच दोन-तीन कमी करत. मग इंग्रजी टाइप, मग त्या इंग्रजीचं पुन्हा मराठी, आणि मग अंगठा. कुणी कंटाळून म्हटलं, "तूच लिव बाय, तुला बरोबर ठाव हाय," की त्या मशीनवरचे हात उचलून मांडीवर ठेवत.

"मी लिहिलं तर ते माझं होईल. जमीन तुझी गेलीय. बोल."

अर्ज इंग्रजीतच का, असं मी एकदा विचारलं. वर मराठीचा जयजयकार चाललेला असताना हे मला खटकत होतं. बाई म्हणाल्या, "तुमच्या कचेरीत मराठी अर्ज कुठल्या ट्रेमध्ये पडतो?" मराठी अर्ज खालच्या ट्रेमध्ये पडे आणि इंग्रजी साहेबांच्या टेबलावर जाई. ट्रे मीच लावले होते.

बाई स्वतः वाशीत, आमच्याच सोसायटीत, तळमजल्यावर राहत. गावातले लोक अर्जापायी त्यांना बोंबील आणून देत आणि बाई ते गॅलरीत दोरीवर वाळत घालत. सोसायटीच्या सेक्रेटरीने नोटीस काढली: 'सर्व सभासदांच्या वतीने कळविण्यात येते की, वास येतो.' बाईंनी त्या नोटिशीची नक्कल करून घेतली आणि संध्याकाळी घरोघर फिरल्या. "यात तुम्ही आहात का?" एवढंच विचारायच्या. चोवीस घरांपैकी सेक्रेटरी आणि त्यांच्या मिसेस सापडल्या. मिसेसनीसुद्धा दारात हळूच सांगितलं, "मला वासाचं काही नाही हो, ह्यांना टेन्शन घ्यायची सवय आहे." तीन घरांनी उलट बोंबलाची ऑर्डर दिली. नोटीस फलकावरून खाली उतरली.

या गोष्टीला आम्ही हसलो. पण तीच सवय पुढे बाईंच्या पोटावर आली.

गावात एक अध्यक्ष होते. कशाचे अध्यक्ष हे कुणी विचारत नसे. त्यांच्या लेटरहेडवर पाच समित्यांची नावं होती आणि पाचही समित्यांचा पत्ता त्यांच्या घराचा होता. भाषणाला उभे राहिले की "मी माझ्या वतीने आणि समस्त ग्रामस्थांच्या वतीने" अशी सुरुवात करत. बाई पहिल्या रांगेत असल्या तर कपाळाला हात लावत. माणूस वाईट नव्हता. सगळे आपलेच आहेत असं त्याला खरोखर वाटे, आणि म्हणून कुणाला विचारायची त्याला गरज पडत नसे. बाईंचा गाळा त्याच्याच मालकीचा होता.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या कचेरीत बातमी आली की एक फार मोठे पाहुणे शहर बघायला येणार. शहर बघण्यासारखं अजून झालेलं नव्हतं. मग साहेबांच्या डोक्यातून कमान निघाली. खाडीकडून येताना दिसेल अशी सिमेंटची भव्य स्वागतकमान, खाली कारंजं, बाजूला हिरवळ. नकाशावर जागा शोधली तर नेमकी गावाची मासळी सुकवायची जागा सापडली. नकाशात तिथे 'मोकळी जमीन' लिहिलं होतं. नकाशा काढणारा पावसाळ्यात आला असणार. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसे. एकोणीस घरांचा जवळा, बोंबील आणि मांदेली तिथे वाळत आणि त्यावर ती घरं पावसाळाभर जगत. गावाची हरकत नाही असं पत्र मिळालं की काम सुरू, असं साहेबांनी अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षांना कमानीच्या शिलेवर नाव मिळणार होतं.

अध्यक्ष गाळ्यावर आले तेव्हा मी तिथेच होतो. शनिवारी मी आता इंग्रजी सुधारायला जात असे.

"मॅडम, एक छोटं लेटर टाकायचंय. 'ऑन बिहाफ ऑफ ऑल विलेजर्स, वी हॅव नो ऑब्जेक्शन.' दोन लाइनी. अर्जंट हाय."

"सांगणारा कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"म्हंजे? मी हाय ना इथं उभा."

"तुम्ही लिहवून घेणारे. सांगणारे कोण? कोणाकोणाला विचारलंत?"

"सगळे आपलेच हायेत, मॅडम."

"आपले म्हणजे कुणाचे?"

अध्यक्ष जरा अडखळले. "म्हंजे... माझे."

"मग 'आय हॅव नो ऑब्जेक्शन' लिहिते. एका माणसाचं एका अक्षरात भागतं. द्या लेटरहेड."

अध्यक्ष हसले. नंतर हसायचे थांबले. "मॅडम, तुमी शिकलेल्या हाय, गाव तुम्हाला मानतं. साहेब तुमचं टायपिंग ओळखतात. म्हणून तुमच्याकडं आलो. नायतर वाशीला पन्नास टायपिस्ट हायेत. आणि हा गाळा कुणाचा हाय, ह्ये पन जरा ध्यानात ठेवा." मग दारात थांबून जोडलं, "सोमवारपर्यंत."

ते गेल्यावर मी बाईंना समजावू लागलो. मी कारकून, समजावणं हा माझा पिंड. एक ओळ टाइप करून टाका, सही तर अध्यक्षांची असणार, तुमचं काय जातं? गाळा गेला तर तीन मशीनं कुठे ठेवणार, पोरींचा क्लास कुठे घेणार?

बाईंनी रिबन काढून बोटावर गुंडाळायला घेतली. हात काळे झाल्याशिवाय त्यांना गंभीर बोलता येत नसे. फोर्टातल्या एका आगबोट कंपनीत त्या वीस वर्षं स्टेनो होत्या, हे मला माहीत होतं. साहेब गावाला गेला की त्याच्या वतीने सही करायचा अधिकार त्यांना होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. एकदा साहेब रजेवर असताना मॅनेजर कागद घेऊन आला. गोदीतल्या अकरा हमालांना कामावरून कमी केल्याचं पत्र. "साहेबांनी तारेने कळवलंय," म्हणाला. तार त्यांनी मागितली नाही. 'फॉर अँड ऑन बिहाफ ऑफ' लिहून खाली सुरेख सही केली. साहेब परत आला आणि म्हणाला, मी असं काही कळवलंच नव्हतं. पण पत्र गेलं होतं, माणसं गेली होती, आणि कंपनीचा शब्द मागे घेण्याची पद्धत नव्हती.

"त्यातला एक जण खाली गेटवर रोज यायचा," बाई म्हणाल्या. "भांडायला नाही. मला विचारायला, की बाई, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आवक-जावक, माझ्या इंग्रजीत एक चूक नव्हती त्या पत्रात."

मग त्यांनी नवी रिबन चढवली आणि म्हणाल्या, "सोमवारपर्यंत म्हणाला ना? मग रविवार आहे आपल्याकडे."

रविवारी सकाळी दोन मुलींनी धरून एक टाइपरायटर सुकवणीच्या जागेवर नेला. एका उलट्या टोपल्यावर फळी, फळीवर मशीन, आणि समोर बाई, डोक्यावर पदर घेऊन. मी कार्बन धरायला होतो, कारण वारा होता. बाईंनी एकाही माणसाला कमानीच्या बाजूने किंवा विरुद्ध एक शब्द सांगितला नाही. "इथे कमान बांधायची म्हणतायत. तुझं काय म्हणणं?" एवढाच प्रश्न, एकोणीस वेळा.

मला वाटलं होतं एकोणीस वेळा 'नाही' येईल आणि आम्ही विजयी मुद्रेने घरी जाऊ. तसं झालं नाही. अकरा जण ठाम नाही म्हणाले. दोघे म्हणाले, कमान झाली तर बरं, गावाची शोभा वाढेल. बाईंनी त्यांची पत्रंही तितक्याच मन लावून टाइप केली आणि एकाला 'शोभा'साठी चांगला इंग्रजी शब्द मिळेना म्हणून तीनदा कागद बदलला. चौघे म्हणाले, आधी नळ द्या, मग बोलू. एकाला कमान हवी होती, पण त्याच्या चहाच्या टपरीसमोर. एक म्हणाला, कमानीचं काय ते बघा, पण ह्याला अध्यक्ष कुणी केलं ते आधी मला लिहून कळवा.

हे मोजून एकोणीस होतात, पण शेवटी आली ती हिरूआय. तिला तो चहावाला पुतण्या आपल्यातच धरत होता, तर तिने त्याचं पत्र वेगळं आणि माझं वेगळं असं बजावलं. म्हणजे पत्रं वीस झाली. हिरूआय सत्तरीची, काळी, ताठ, आणि अध्यक्षांची सख्खी काकी.

"मना कोन इचारला?" तिने आल्या आल्या सुरुवात केली.

"आता मी विचारतेय," बाई म्हणाल्या. "सांग."

"त्या अध्यक्षाला लानपनी मी अंगाखांद्यावर खेलवला, नि तो माज्या नावान साहेबाला लिवतंय? लिव बाय. कमान बांदाची तं बांदा, माज्या बापाचा काय जातंय? पन तिची सावली माज्या जवल्यावर परली नाय पायजे. सावलीत जवला कुजतंय."

"एवढंच?"

"येवराच. नि मान मी तीनदा हालवीन, दोनदा नाय."

बाईंनी ते जसंच्या तसं टाइप केलं. कमानीला हरकत नाही, मात्र तिची सावली अर्जदाराच्या जवळ्यावर पडता कामा नये. खाली लिहिलं, 'तीनदा.'

सोमवारी अध्यक्षांनी दुसरीकडून टाइप करून आणलेलं 'समस्त ग्रामस्थां'चं पत्र साहेबांच्या टेबलावर पोचलं, आणि त्याच वेळी बाई माझ्या खिडकीशी वीस पत्रं घेऊन उभ्या राहिल्या. आता इथे आमच्या कचेरीचा एक नियम सांगायला हवा. ज्या कागदाला आवक नंबर पडला त्याला उत्तर गेल्याशिवाय फाइल बंद होत नसे, आणि उघड्या फाइलीवर कामाचा आदेश निघत नसे. हेडक्लार्कांनी मागून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "विषय एकच आहे. सगळी टाचून एकच नंबर टाका." एक नंबर म्हणजे एक उत्तर, 'आपले म्हणणे नोंदविण्यात आले आहे', आणि संध्याकाळी फाइल बंद.

मी शिक्का हातात धरून थांबलो. बाई खिडकीतून म्हणाल्या, "तुम्हाला सांगणारा आहे, आवक-जावक. टाका एक नंबर. माझी तक्रार नाही. फक्त कोणाच्या सांगण्यावरून टाकलात, ते मला लेखी द्या."

मी हेडक्लार्कांकडे पाहिलं. "साहेब, द्याल लेखी?"

हेडक्लार्क चष्मा पुसू लागले. लेखी हा शब्द आमच्याकडे साप म्हटल्यासारखा ऐकला जाई. मी शिक्का शाईत दाबला आणि वीस पत्रांवर वीस वेळा मारला. माझ्या नोकरीतलं हे एकमेव शौर्य. त्याला पाऊण तास लागला, आणि त्याबद्दल मला तीन वर्षं रेकॉर्ड रूममध्ये बसवण्यात आलं. तिथे पंखा नव्हता, पण वाचन पुष्कळ झालं.

एकोणीस पत्रांना कचेरीने आठवड्याभरात उत्तरं छापून पाठवली. विसावं अडलं. हिरूआयची हरकत नव्हती, त्यामुळे ती फेटाळता येईना. अट होती, त्यामुळे ती नोंदवून सोडता येईना. पत्र वास्तुशिल्पज्ञांकडे गेलं. त्यांनी विचारलं, सावली कोणत्या महिन्यातली, किती वाजताची? नियोजनवाल्यांनी उत्तर दिलं, आधी कमानीची उंची कळवा. उंची कमानीवरच्या नावावर अवलंबून होती आणि नाव कुणाचं घालायचं हे वरून ठरायचं होतं. इंजिनियरांनी शेरा मारला, 'सावली हा विषय या शाखेकडे नाही.' फाइल टेबलाटेबलांवरून फिरली आणि तिकडे उन्हात जवळा वाळत राहिला.

पाहुणे आले तेव्हा हमरस्त्यावर बांबू आणि कापडाची कमान उभी केली होती. त्यांची गाडी पोचण्याआधी तासभर तुर्भ्याहून निघालेल्या एका ट्रकच्या मालात ती कमान अडकली आणि बेलापूरपर्यंत गेली. पाहुण्यांनी शहर उत्तम असल्याचं सांगितलं.

बाईंना गाळा सोडावा लागला. अध्यक्षांनी शब्द पाळला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. बाईंनी एक मशीन हिरूआयच्या ओटीवर नेलं, उरलेली दोन त्या मुलींना देऊन टाकली. खाऱ्या वाऱ्याने कळा गंजत, बाई त्यांना खोबरेल लावत. पुढची पाच-सहा वर्षं गावाचे अर्ज त्या ओटीवरून आले. लिफाफा फोडण्याआधी साहेब वासावरून ओळखत आणि तोंड वाकडं करून आधी तोच उघडत. ट्रेचा प्रश्न अशा रीतीने सुटला. मी एकदा विचारलं, गाळ्याचं वाईट वाटतं का? म्हणाल्या, "वाटतं की. पण आता माझ्या गेटवर कुणी उभं नाही."

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शॉर्टहँडच्या रेघा एकमेकींत मिसळू लागल्या तेव्हा त्यांनी स्वतःच थांबायचं ठरवलं. "दिसत नसताना लिहिलं तर सांगणाऱ्याचं काय लिहिलं ते कळायचं नाही." धाकट्या बहिणीकडे, साताऱ्याला जायचं ठरलं. निरोपाला गाव सुकवणीच्या जागेवर जमलं. कुणी बोलावलं नसताना अध्यक्षही आले, शाल आणि नारळ घेऊन. आता ते सहा समित्यांचे होते. त्यांनी घसा साफ केला. "मी माझ्या वतीने आणि समस्त ग्रामस्थांच्या वतीने..."

"सांगणारा कुठे आहे?" बाईंनी विचारलं. आवाज कापरा झाला होता, प्रश्न तोच होता.

अध्यक्षांच्या हातात शाल तशीच उघडी राहिली. मला त्यांची कीव आली, पहिल्यांदाच. तेवढ्यात मागून हिरूआय ओरडली, "मी सांगला त्याला! बायला शाल घाल, असा सांगला मी. भाशन कर, असा नाय सांगला."

सगळे हसले. अध्यक्षही हसले, आणि हसता हसता त्यांनी काकीकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून मला कळलं की तिने खरंच सांगितलं होतं. बाईंनी मान पुढे केली. "मग घाला," म्हणाल्या.

जाताना त्यांनी मला लाल पेन्सिलीचा उरलेला बोटभर तुकडा दिला. तो मी आयुष्यभर वापरला. बदल्या, बढत्या, निरोप समारंभ, शोकसभेचे ठराव, ज्या ज्या कागदावर कुणी तरी 'सर्वांच्या वतीने' लिहिलं तिथे मी बारीक रेघ मारून विचारलं, कोणाच्या? त्यामुळे मी फारसा वर चढलो नाही. माझ्या स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी कचेरीने मानपत्र द्यायचं ठरवलं होतं. मसुदा तपासायला माझ्याकडेच आला. मी रेघ मारली, आणि मानपत्राचा कार्यक्रम बारगळला. चहा मात्र झाला.

त्या शेवटच्या दिवशी मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन कमानीची फाइल पाहून आलो. ती बऱ्यापैकी जाड झाली आहे. वास्तुशिल्पज्ञ वारले, तीन साहेब बदलले, हिरूआय गेली, तिची सून आता त्याच जागेवर जवळा वाळवते. सावलीचा अहवाल अजून आलेला नाही.